प्रेक्षकांनी सांभाळलेली मालिका

२२ सप्टेंबर १९६४ रोजी, मंगळवारी रात्री, अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘द मॅन फ्रॉम अंकल’ ही हेरमालिका सुरू झाली. १५ जानेवारी १९६८ रोजी, चौथा हंगाम अर्धा झालेला असतानाच, ती बंद पडली. एकूण १०५ भाग, त्यांतले पहिल्या हंगामाचे २९ कृष्णधवल, बाकीचे रंगीत. एरवी एखाद्या मालिकेचा इतिहास इथे संपतो. त्या दशकात अमेरिकी दूरचित्रवाणीवर अशा कितीतरी मालिका आल्या, गाजल्या आणि विसरल्या गेल्या. ही मात्र राहिली. ती बंद पडल्यावर जन्मलेली माणसेही आज तिच्यावर लिहितात, तिच्यातल्या पिस्तुलाच्या प्रतिकृती बनवतात, तिच्या नायकांच्या नव्या गोष्टी रचतात आणि तिच्यातला कोणता हंगाम खरा, यावर तावातावाने भांडतात. हे पुस्तक या माणसांबद्दल आहे. मालिका त्यात येते, तिचे नट येतात, स्टुडिओ येतो; पण मध्यभागी आहे तो प्रेक्षक.

मराठी वाचकाला आधी मालिकेचीच ओळख करून द्यायला हवी. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे ही मालिका संपून पावणेपाच वर्षे झाल्यावर. तिचा भर ओसरल्यानंतरच इथल्या घरांत पडदा आला.

‘अंकल’ ही एक काल्पनिक आंतरराष्ट्रीय संघटना. ‘युनायटेड नेटवर्क कमांड फॉर लॉ अँड एन्फोर्समेंट’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे जोडून झालेली. तिचे मुख्यालय न्यूयॉर्कमध्ये, डेल फ्लोरिया नावाच्या एका साध्याशा शिंप्याच्या दुकानामागे दडलेले. गिऱ्हाईक म्हणून आत शिरायचे, कपडे घालून बघायच्या खोलीत जायचे, भिंतीवरची खुंटी फिरवायची, की मागची भिंत उघडते. संघटनेचे प्रमुख अलेक्झांडर वेव्हर्ली. ही भूमिका हिचकॉकच्या अनेक चित्रपटांत दिसलेल्या वयोवृद्ध लिओ जी. कॅरोल यांनी केली. त्यांच्या हाताखाली दोन हेर. एक अमेरिकी, नेपोलियन सोलो, म्हणजे रॉबर्ट व्हॉन. दुसरा सोव्हिएत रशियाचा, इल्या कुर्याकिन, म्हणजे डेव्हिड मॅक्कॅलम. समोर शत्रू ‘थ्रश’, जो कोणत्याही देशाचा नाही आणि ज्याला सगळे देश हवे आहेत. प्रत्येक भागात एखादा सामान्य माणूस या झटापटीत ओढला जातो: कधी गृहिणी, कधी शिक्षिका, कधी कचेरीतली टंकलेखिका. हा सामान्य माणूस फार विचारपूर्वक ठेवलेला होता. घरी बसलेल्या प्रेक्षकाला कथेत शिरायचा दरवाजा तोच.

मालिकेचे बीज पडले निर्माते नॉर्मन फेल्टन आणि जेम्स बाँडचा जनक इयान फ्लेमिंग यांच्या भेटींत. फ्लेमिंगने नायकाला नाव दिले आणि पुढे बाँडपटांच्या निर्मात्यांचा दबाव आल्यावर आपला हक्क एका पौंडाला सोडून दिला. मालिकेचे नाव आधी ‘सोलो’ ठरले होते. ‘गोल्डफिंगर’मध्ये त्याच नावाचा एक गुंड असल्यामुळे तेही बदलावे लागले. खरे जग उभे केले ते सॅम रोल्फ या लेखकाने: संघटनेची रचना, तिचे विभाग, शिंप्याचे दुकान, आणि मुख्य म्हणजे तो रशियन. चाहत्यांमध्ये रोल्फचे नाव फ्लेमिंगच्या वर घेतले जाते आणि मला ते न्याय्य वाटते.

त्या रशियन पात्राचे धाडस आज चटकन लक्षात येत नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी जाऊन आले होते. त्यानंतर दोन वर्षांतच अमेरिकी दिवाणखान्यात एक सोव्हिएत नागरिक आठवड्याच्या आठवड्याला नायकाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहू लागला. तो पळून आलेला नव्हता, फितूर नव्हता, त्याला आपल्या देशाची लाजही नव्हती. पहिल्याच वर्षीच्या एका भागात तो सोव्हिएत नौदलाच्या गणवेशात दिसतो. शाळांमधून मुलांना अणुबाँबपासून बचावासाठी बाकाखाली दडायला शिकवणाऱ्या देशातल्या किशोरवयीन मुलींनी याच माणसाचे फोटो भिंतीवर लावले. या मालिकेवरच्या प्रेमाचा उगम शोधायचा तर मी इथे बोट ठेवीन. बंदुका, गुप्त दारे, पेनातला बिनतारी संच हे सगळे नंतर.

सुरुवात अडखळतच झाली. मंगळवारी रात्री समोर दुसऱ्या वाहिनीवर रेड स्केल्टनचा अत्यंत लोकप्रिय विनोदी कार्यक्रम असे आणि त्यापुढे नव्या मालिकेचा निभाव लागेना. मालिका आता जाणार असे दिसत असताना वाहिनीने जानेवारी १९६५ मध्ये तिला सोमवारी हलवले. नाताळच्या सुट्टीत घरी आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ती घरच्यांना आणि मित्रांना दाखवली. नट गावोगाव फिरून लोकांना भेटले. त्याच सुमारास ‘गोल्डफिंगर’ अमेरिकेत आला आणि हेरकथांची लाट उसळली. पुढच्या दोन वर्षांत हे वेड अमेरिकेबाहेरही पसरले; ब्रिटनमध्ये १९६५ पासून बीबीसीने मालिका दाखवली. भाग जोडून, त्यात नवी दृश्ये घालून आठ चित्रपट निघाले. एस प्रकाशनाच्या २३ कादंबऱ्या निघाल्या. स्वतंत्र मासिक निघाले, चित्रकथांचे अंक निघाले, खेळण्यातली पिस्तुले आणि कॉर्गी कंपनीची छोटी निळी मोटार निघाली.

प्रत्येक भागाच्या शेवटी श्रेयनामावलीत एक ओळ येई: हा कार्यक्रम ज्यांच्या साहाय्याशिवाय शक्य झाला नसता त्या ‘अंकल’ संघटनेचे आभार. अनेक मुलांना संघटना खरीच असावी असे वाटू लागले. मुले ओळखपत्र मागवीत, ते खिशात बाळगीत, आणि आपल्यालाही कधीतरी बोलावणे येईल या आशेवर राहत. या ओळखपत्रांचा पुस्तकात पुन्हा पुन्हा उल्लेख येतो, कारण आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या चाहत्यांच्या आठवणींत ते कार्ड सर्वांत आधी येते. बाँड एकटा असतो. त्याच्या जगात तुम्हाला जागा नाही. ‘अंकल’मध्ये भरती होता येत होते.

आता नटांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण चाहत्यांचे प्रेम पात्रावरून नटावर आणि नटावरून पुन्हा पात्रावर कसे जाते याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच मिळतो.

डेव्हिड मॅक्कॅलम मूळचा ग्लासगोचा, जन्म १९३३. वडील नामांकित व्हायोलिनवादक, लंडनच्या मोठ्या वाद्यवृंदांत पहिल्या खुर्चीवर बसणारे. पहिल्या भागात त्याच्या वाट्याला जेमतेम काही वाक्ये आली होती. पात्राच्या टिपणात फारसे काही नव्हते. याच्या पलंगाखाली जॅझच्या तबकड्या असतात, एवढी एक खूण मॅक्कॅलम पुढे आवर्जून सांगत असे. ही रिकामी जागा त्याने भरली नाही. तो कमी बोलला, काळा उंच गळ्याचा स्वेटर घातला, बोटातली लग्नाची अंगठी काढली नाही आणि तिचे स्पष्टीकरणही कथेत कुणी दिले नाही. प्रेक्षकांनी त्या अंगठीवरून तर्कांचे डोंगर रचले. एमजीएम स्टुडिओच्या इतिहासात सर्वाधिक पत्रे याच नटाला आली, असे आजही सांगितले जाते. चाहते ज्या पात्रावर सर्वांत जास्त लिहितात त्याच्याबद्दल मालिकेने सर्वांत कमी सांगितलेले असते, ही गोष्ट इल्याच्या बाबतीत पडताळून पाहता येते. आपल्याला सांगितलेले आपण ऐकतो. न सांगितलेल्यावर आपण रात्रभर बोलत बसतो.

लोकप्रियतेच्या त्या लाटेत त्याने कॅपिटॉल कंपनीसाठी संगीताच्या चार तबकड्या केल्या. नटाने गाणी म्हणायची तेव्हाची रीत त्याने पाळली नाही; त्याने वाद्यवृंद बसवला. डेव्हिड ॲक्सलरॉड निर्माता असलेल्या त्या तबकड्यांतली ‘दि एज’ ही रचना पुढे डॉ. ड्रे या रॅपगायकाने १९९९ च्या अल्बममध्ये उचलली आणि ज्यांनी कधी इल्याचे नाव ऐकले नाही अशा पिढीच्या कानांत ती बसली. २००३ पासून मॅक्कॅलम ‘एनसीआयएस’ मालिकेत शवविच्छेदन करणारा वृद्ध डॉक्टर डकी झाला. तिथे एका भागात कुणीतरी विचारते, डकी तरुणपणी कसा दिसत असेल? उत्तर येते: इल्या कुर्याकिन. तो संवाद जुन्या चाहत्यांसाठी लिहिला गेला आणि त्यांना तो लगेच पोहोचला. २५ सप्टेंबर २०२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मॅक्कॅलम गेला.

रॉबर्ट व्हॉनचे प्रकरण वेगळे. १९५९ च्या ‘द यंग फिलाडेल्फियन्स’साठी ऑस्करचे नामांकन आणि १९६० च्या ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मधली भूमिका मिळवून तो मालिकेत आला होता. पडद्यावरचा सोलो बेफिकीर, रंगेल, हसरा. पडद्याबाहेरचा व्हॉन दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करीत होता. मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात चित्रनाट्यसृष्टीतल्या माणसांना काळ्या यादीत टाकून कसे देशोधडीला लावले, हा त्याचा विषय. १९७० मध्ये त्याला पदवी मिळाली आणि १९७२ मध्ये तो प्रबंध ‘ओन्ली व्हिक्टिम्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना त्याने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. १९६७ मध्ये विल्यम बकली या उजव्या विचारांच्या मातब्बर वादपटूशी त्याने दूरचित्रवाणीवर याच विषयावर वाद घातला. तेव्हा अमेरिकेतल्या पुष्कळ लोकांचा युद्धाला पाठिंबा होता, आणि त्यांच्यात त्याचे चाहतेही होते. काहींनी त्याला सोडले. काहींनी त्याच्यामुळे युद्धाबद्दल पहिल्यांदा विचार केला. नट आणि चाहता यांच्यातले नाते एवढे वजन पेलू शकते, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान वाटते. त्याचे प्रबंधलेखन आणि त्याचे सोलोपण यांची सांगड चाहत्यांच्या लेखनात ज्या गांभीर्याने घातली गेली, तितकी व्यावसायिक समीक्षेत सहसा दिसत नाही. व्हॉन ११ नोव्हेंबर २०१६ रोजी गेला.

मालिकेची घसरण तिसऱ्या हंगामात झाली. जानेवारी १९६६ मध्ये एबीसीवर ‘बॅटमॅन’ सुरू झाला आणि त्याच्या भडक, टिंगलखोर शैलीने सगळ्यांना भुरळ घातली. ‘अंकल’नेही ती शैली उचलली. एका भागात सोलो गोरिलाबरोबर नाचतो. चाहत्यांच्या दोन पिढ्या त्या नाचावर अजून रागावलेल्या आहेत. त्यांचा राग मला पटतो. पहिल्या हंगामात विनोद होता, पण धोका खरा होता. माणसे मरत होती आणि त्याचे कुणाला तरी वाईट वाटत होते. ‘चायनाटाउन’चा पुढे गाजलेला पटकथाकार रॉबर्ट टाउन याने त्या हंगामात ‘द डव्ह अफेअर’ लिहिला आहे. तो आज पाहिला तरी शीतयुद्धाची थंडी अंगावर येते. चौथ्या हंगामात पुन्हा गंभीर वळण घ्यायचा प्रयत्न झाला, तोवर प्रेक्षक निघून गेला होता. तिच्या जागी ‘लाफ-इन’ हा हास्यकार्यक्रम आला.

त्यानंतरची दीड दशके या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. मालिका बाजारातून गेली होती. मूळ मालकांना तिच्यात रस नव्हता. स्थानिक वाहिन्यांवर कधीतरी कापाकापी केलेले भाग दिसत. या काळात तिला ज्यांनी धरून ठेवले ते चाहते होते, आणि त्यांच्याकडे साधने होती टंकयंत्र, सायक्लोस्टाइल, टपाल आणि पुढे व्हिडिओ कॅसेट. त्यांच्या कामाच्या निरनिराळ्या वाटा पडल्या. त्या वाटांवरची माणसे एकमेकांना नेहमी पटत होती असे नाही.

पहिली वाट गोष्टी रचणाऱ्यांची, आणि तिथे स्त्रियांची संख्या मोठी. ‘स्टार ट्रेक’ सप्टेंबर १९६६ मध्ये आली. तिच्या चाहत्यांचा इतिहास आता विद्यापीठांत शिकवला जातो. पण मालिका पाहून तिच्या कथा पुढे लिहायच्या, त्या हौशी नियतकालिकांत छापायच्या, टपालाने वाटायच्या ही रीत रुजवण्यात ‘अंकल’च्या चाहत्यांचा वाटा आधीचा आहे, हे अभ्यासक मान्य करतात. या लेखिकांनी मालिकेतल्या मोकळ्या जागा हेरल्या. सोलो आणि इल्या यांच्यातला विश्वास कसा तयार झाला? वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात खरेच जुंपली असती तर या दोघांनी काय केले असते? काहींनी त्या मैत्रीत प्रेम पाहिले आणि तशा कथा लिहिल्या. त्या कथांवरून चाहत्यांमध्ये मोठी वादळे झाली. त्या कथांतली धिटाई त्या काळाच्या मानाने किती होती, हे पाहायचे तर तेव्हाच्या छापील साहित्यात दोन पुरुषांच्या प्रेमाला किती जागा होती ते आठवावे.

चाहता आणि लेखक यांच्यातली भिंत किती पातळ होती याचे उदाहरण डेव्हिड मॅकडॅनियल. तो लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथाप्रेमींच्या जुन्या मंडळातला. ‘एस’च्या कादंबऱ्यांपैकी सहा त्याने लिहिल्या आणि त्या सर्वांत सरस मानल्या जातात. मालिकेने ‘थ्रश’ म्हणजे काय ते कधीच सांगितले नव्हते. मॅकडॅनियलने ‘द डॅगर अफेअर’मध्ये त्या आद्याक्षरांचा अर्थ रचला, संघटनेला इतिहास दिला, आणि चाहत्यांनी तो इतका आपला केला की मालिकेतच तसे म्हटले आहे असे अनेकांना वाटते. त्याची शेवटची ‘अंकल’ कादंबरी प्रकाशकाने छापली नाही. ती वर्षानुवर्षे चाहत्यांमध्ये प्रतींवर प्रती निघत फिरली. मॅकडॅनियल १९७७ मध्ये गेला. कादंबरी वाचली जात राहिली.

दुसरी वाट वस्तू जमवणाऱ्यांची. चित्रीकरणात वापरलेले खास पिस्तूल, वॉल्थर पी-३८ ला नळी, दस्ता, दुर्बीण जोडून केलेले, मालिकेच्या काळात इतके गाजले होते की त्याच्या नावाने पत्रे येत. मालिका संपल्यावर अशा वस्तू स्टुडिओंच्या गोदामांत धूळ खात पडल्या किंवा मोडीत गेल्या. डॅनी बीडरमन या चाहत्याने लहानपणच्या वेडापायी त्या मिळवायला सुरुवात केली. इतर हेरमालिकांच्या वस्तूही त्याने गोळा केल्या. २००० साली त्याचा संग्रह सीआयएच्या मुख्यालयात प्रदर्शनात मांडला गेला. याच बीडरमनने रॉबर्ट शॉर्ट या दुसऱ्या चाहत्याबरोबर सत्तरीच्या दशकाअखेर ‘अंकल’चा नवा चित्रपट काढायची खटपट केली होती. ती फळली नाही. शॉर्टने पुढे ‘बीटलज्यूस’च्या रंगभूषेसाठी ऑस्कर मिळवले. संग्राहकांची हेटाळणी करायची सवय समीक्षकांना आहे. पण मागचा दरवाजा उघडा ठेवून गोदाम रिकामे करणाऱ्या उद्योगात वस्तू उचलून घरी नेणारा माणूसच पुढे संग्रहालयाच्या कामी येतो.

तिसरी वाट इतिहासकारांची. जॉन हाइटलँड यांचे १९८७ चे पुस्तक मालिकेच्या निर्मितीची पहिली सविस्तर हकिकत देते, आणि ते एका चाहत्याने लिहिलेले आहे. चित्रपटसंगीताचे इतिहासकार जॉन बर्लिंगेम यांनी मालिकेचे मूळ संगीत शोधून तबकड्यांवर आणले. त्यामुळे जेरी गोल्डस्मिथचे पाच मात्रांचे मूळ शीर्षकसंगीत आणि पुढच्या हंगामात लालो शिफ्रिनने त्याचे चार मात्रांत केलेले रूप शेजारी शेजारी ऐकता येते. शिफ्रिनने नंतर स्वतः पाच मात्रांत ‘मिशन: इम्पॉसिबल’चे संगीत केले. प्राध्यापक सिंथिया वॉकर यांचा २०१३ चा ग्रंथ मालिका, निर्माते आणि प्रेक्षक यांच्यातल्या देवघेवीचा आहे, आणि त्याही चाहत्यांच्या वर्तुळातूनच आल्या. हेन्री जेन्किन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांची १९९२ ची पुस्तके आल्यानंतर चाहत्यांचा अभ्यास ही ज्ञानशाखा झाली. त्याआधी हे काम ज्यांनी रात्री, नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून केले, त्यांची नावे तळटिपांतही सापडत नाहीत.

इतर हेरमालिकांच्या चाहत्यांचे जग याच्या शेजारीच आहे. ‘द प्रिझनर’चे भाग अवघे १७, पण १९७७ मध्ये स्थापन झालेले तिचे मंडळ वेल्समधल्या पोर्टमेरियन या गावात, म्हणजे मालिकेच्या चित्रीकरणस्थळीच, जमत आले आहे. ‘दि अ‍ॅव्हेंजर्स’चे चाहते वेशभूषेच्या आणि नायिका एमा पीलच्या प्रेमात. या सगळ्यांची तुलना पुस्तकात जागोजागी येते, म्हणून इथे लांबवत नाही.

चाहत्यांना चित्रपटांनी पुरते समाधान कधी दिले नाही. ५ एप्रिल १९८३ रोजी सीबीएसवर एका दूरचित्रपटात व्हॉन आणि मॅक्कॅलम पुन्हा एकत्र आले. कॅरोल वारले होते, त्यांच्या जागी ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा पॅट्रिक मॅक्नी होता. १९८६ मध्ये ‘ए-टीम’च्या एका भागात दोघे परस्परांविरुद्ध उभे राहिले. २००७ मध्ये सगळे १०५ भाग डीव्हीडीवर आले आणि मालिका सलग पाहता आली. हार्लन एलिसनने लिहिलेला एक भाग एका लेखिकेचे खरे नाव खलनायिकेला दिल्यामुळे उठलेल्या कज्जात अडकून पुनःप्रक्षेपणातून वगळला गेला होता, तोही मिळाला. २०१५ मध्ये गाय रिची याचा चित्रपट आला. त्यातली मैत्री नव्या प्रेक्षकांना आवडली, आणि त्यांतले काही मागे वळून जुनी मालिका पाहू लागले.

या प्रेमाला डोळे आहेत का, हा प्रश्न वाचकाने विचारायला हवा. पहिल्या हंगामातल्या ‘द यलो स्कार्फ अफेअर’मध्ये सोलो भारतात येतो. हा भारत कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओच्या आवारात उभारलेला, आणि त्यात ठगांचा पंथ विसाव्या शतकातही रुमालाने गळे आवळतो आहे. आपल्याला तो पाहताना संताप येईल, यायला हवा. या मालिकेत आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका ही बहुतेक वेळा पडद्यामागच्या चित्रासारखी आहेत. स्त्रियांबाबतही तेच: १९६६ मध्ये ‘द गर्ल फ्रॉम अंकल’ निघाली, स्टेफनी पॉवर्स तिची नायिका, पण तिला लढायला जेमतेम वाव दिला आणि २९ भागांत ती आटोपली. समाधानाची गोष्ट ही की ही टीका सर्वांत कसून चाहत्यांनीच केली आहे. प्रेम केले म्हणून त्यांनी भाग दहा-दहा वेळा पाहिले, आणि दहा वेळा पाहिले म्हणून दोष त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत.

आज हा विषय का? एक कारण उघड आहे. सध्याच्या प्रसारण सेवांवरून मालिका रातोरात नाहीशा होतात. करार संपला, की ती पुन्हा कुठे पाहायची ते कुणी सांगू शकत नाही, आणि तिची कॅसेट कुणाच्या कपाटात नसते. दुसरे कारण आपल्या जवळचे आहे. चाहता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो कटआउटला दूध घालणारा किंवा समोरच्या नटाच्या चाहत्याला शिव्या देणारा. चाहता वाचतो, शोधतो, जपतो, दुरुस्त करतो, लिहितो, आणि आपल्या आवडत्या कृतीशी भांडतोही, याची उदाहरणे मराठीत क्वचितच एकत्र आली आहेत. तिसरे कारण मी थोडे दबकत मांडतो: अमेरिका आणि रशिया पुन्हा एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहत असताना, त्या दोन देशांतली दोन माणसे एका मेजाशी बसून काम करतात ही कल्पना किती लोकांना, किती वर्षे, किती मनापासून हवी होती, याचा पुरावा या चाहत्यांच्या लेखनात आहे.

हे पुस्तक भागांची सूची देत नाही आणि नटांची चरित्रेही सांगत नाही. एखादी कलाकृती तिच्या मालकांनी टाकून दिल्यावर कुणाच्या हातात जिवंत राहते, त्यासाठी काय काय करावे लागते, आणि त्या कामाचे श्रेय कुणाला मिळते, एवढ्याच गोष्टींचा ते पाठपुरावा करते. काही लेख अभ्यासकांच्या शिस्तीचे आहेत, काहींत उत्साह ओसंडतो. संपादकांनी तो उत्साह छाटला नाही, हे चांगले केले; त्याच्याविना हा विषय समजणार नाही. वाचकाने शक्य असेल तर वाचण्याआधी पहिल्या हंगामातले दोन भाग पाहावेत: ‘द डव्ह अफेअर’ आणि ‘द प्रोजेक्ट स्ट्रायगस अफेअर’. दुसऱ्यात विल्यम शॅटनर आणि लेनर्ड निमॉय ‘स्टार ट्रेक’च्या दोन वर्षे आधी एकत्र दिसतात.

आणि एक विनंती. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतल्या मराठी कार्यक्रमांपैकी, ‘चिमणराव’पासून ‘गजरा’पर्यंत, आज फारच थोडे पाहायला मिळते. ज्यांनी ते पाहिले त्यांच्यापैकी कुणाकडे कात्रणे, छायाचित्रे, निमंत्रणपत्रिका, नटांची पत्रे किंवा घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट असतील, तर त्या टाकू नका. मागच्या बाजूला तारीख आणि माणसांची नावे लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा हा विषय अभ्यासणाऱ्या कुणाला तरी त्यांचा पत्ता लागू द्या.